हाक मारली तेव्हा ती कुठे बघत होती?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षी फिल्डवर्कमध्ये मला एक अजब काम मिळालं. वडोदऱ्यातल्या एका वस्तीच्या अंगणवाडीत जायचं आणि चार वर्षांच्या एका मुलीकडे तासभर बघायचं. नुसतं बघायचं. वही काढायची नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, खेळवायचंही नाही. घरी आल्यावर आठवेल ते लिहून काढायचं. एस्थर बिक यांनी १९४८ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये बालमानसोपचार शिकणाऱ्यांसाठी ही पद्धत सुरू केली, पुढे ती समाजकार्याच्या प्रशिक्षणातही आली. मी मनात म्हटलं, बघायला काय शिकायचंय!

मुलीबद्दल कुणीतरी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला होता. आई दिवसभर तिच्यावर ओरडते, पोर कायम गप्प. कुटुंब नंदुरबारकडचं, आई बांधकामावर. अंगणवाडीतल्या बेनचं म्हणणं, मुलगी मराठी आहे, तिला गुजराती कळत नाही. मी दांडिया बाजारात, वडोदऱ्यातल्या मराठी वस्तीत वाढलेली, त्यामुळे हे मला लगेच पटलं.

पहिल्या तासाची तीन पानं मी झोकात लिहिली. मॅडमनी पेन्सिलने तीन शब्दांना गोल केले: भेदरलेली, दुर्लक्षित, हट्टी.

"अगं, भेदरलेली कुठे दिसली तुला? डोळ्यांत, हातांत, कुठे? ते लिही ना. उद्या हेच फॉर्म २२ मध्ये, म्हणजे सामाजिक तपासणी अहवालात उतरेल. बाल कल्याण समितीचे अध्यक्ष आणि चार सदस्य तुझा शब्द वाचतील. मूल घरी राहायचं की नाही, हे त्यावर ठरू शकतं."

मग एका ओळीवर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, "'हाक मारली तरी लक्ष देत नाही.' कुणी मारली? कुठून? हाक मारली तेव्हा ती कुठे बघत होती?"

मला सांगता येईना. तासभर तिच्यासमोर बसून आले होते मी.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा ती जाळीच्या खिडकीशी, खोलीकडे पाठ करून बसली होती. हातात आईची प्लास्टिकची बांगडी. ती कोपरापर्यंत चढवायची, हात खाली सोडायचा, बांगडी घसरली की पुन्हा चढवायची. तेडागर बेननी (म्हणजे आपल्याकडच्या मदतनीस ताई) मागून हाक मारली, "चाल बेटा, सुखडी!" बांगडी वर. पुन्हा हाक, आणखी मोठ्याने. बांगडी खाली. तेवढ्यात तिच्या बाजूचा मुलगा उठला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मान वळवून सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली, आणि त्याच्याही आधी जाऊन हात पुढे केला.

अभिनयगीत सुरू झालं. सगळ्यांचे हात वर गेले की क्षणभराने तिचे. नजर शेजारच्या मुलीच्या हातांवर. बेन समोर येऊन काही बोलल्या की ही त्यांच्या ओठांकडे बघायची.

साडेबाराला आई आली. दारातूनच "चल गं!" अशी हाक दिली की खोलीतली सगळी मुलं वळली. ही सोडून. आईने जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिने वर पाहिलं, हसली, आणि बांगडी काढून आईच्या हातात चढवली.

याच वेळेबद्दल माझ्या पहिल्या नोंदीत एकच वाक्य होतं: 'आई दारातूनच खेकसली.' पुढचं मी पाहिलंच नव्हतं, पर्स आवरत होते.

त्या संध्याकाळी आमच्या घरी आजी ओरडली, "अहो, चहा निवतोय!" आजोबांना ऐकू यावं म्हणून ती वर्षानुवर्षं अशीच ओरडते. आजी खेकसते असं आमच्यात कुणी कधी म्हटलेलं नाही.

दुसऱ्या नोंदीच्या शेवटी मी लिहिलं, 'मुलीला ऐकू येत नसावं.' मॅडमनी तेही खोडलं. "डॉक्टर झालीस का? बाकीचं राहू दे."

ते बाकीचं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे गेलं, तिथून कानाच्या डॉक्टरांकडे. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं. लहान मुलांत सर्दीनंतर हे बऱ्याचदा होतं आणि पुष्कळदा आपोआप ओसरतं, पण तोवर लक्ष ठेवावं लागतं. तक्रारीची चौकशी अर्थातच थांबली नाही. घरभेट झाली, शेजाऱ्यांशी बोलणं झालं. कानात पाणी निघालं म्हणून बाकीचं तपासायचं सोडता येत नाही.

दवाखान्याच्या बाकावर आई मला म्हणाली, "सर्दी तर तिला कायमचीच असते, ताई. मला वाटायचं, पोर हट्टी आहे."

मी मान हलवली. माझ्या पिशवीत ती पहिली तीन पानं अजून तशीच होती.