अजून ६८ किलो

१२ ऑक्टोबर, रविवार

गाडी आली, जुनी ट्रॅव्हलर, आत पलंग, ओटा आणि संडास असलेली. घरी म्हणायची सोय नाही, कारण सोसायटीच्या कमानीखालून ती जातच नाही, छतावरच्या पंख्याची टोपी जेमतेम चार बोटांनी अडते. वॉचमनने काठी उभी धरून माप घेतलं आणि मान हलवली. मग धायरीच्या पुढे मित्राचा रिकामा प्लॉट आहे तिथे नेऊन लावली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "अँब्युलन्स घेतलीत का?" पांढरी ट्रॅव्हलर म्हटली की पुण्यात दोनच गोष्टी आठवतात, अँब्युलन्स नाहीतर अष्टविनायक.

कागद बघूनच घेतली. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, गाडीचा प्रकार मोटर कॅराव्हॅन (आत राहता येईल अशी गाडी) असाच लिहिलेला आहे, प्रवासी बस नाही. हे महत्त्वाचं, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. गाडीत परस्पर पलंग-ओटा ठोकून आरसीत नसलेलं रूप तिला देता येत नाही, आणि उद्या काही झालं तर विमावाले पहिलं बोट त्यावरच ठेवणार. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. ते काढणारी एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आमच्याच टेकडीवर. इतकी वर्षं सकाळी तिथे फिरायला जातोय, पण आत काय चालतं याची चौकशी पन्नाशीला टेकल्यावर केली. मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून झाले.

बाबांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. ही गाडी काढणाऱ्या कंपनीच्या आकुर्डीच्या कारखान्यात त्यांची ३१ वर्षं गेली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं तरी ते अजून बजाज टेम्पोच म्हणतात, आणि बंदिस्त दिसणारी कुठलीही गाडी त्यांच्या लेखी मॅटाडोरच. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "इंजिनाला काही झालेलं नाही. बाकी सगळ्याला झालंय."

१९ ऑक्टोबर, रविवार

घरी चकल्यांचा घाणा चालू आणि मी धायरीत, म्हणून फोनवर आधीच ऐकून घेतलं. काल रात्री पाऊस झाला. आज दार उघडलं तर आत ओल्या गोधडीचा वास. मागच्या खिडकीखालची प्लाय बोटाने दाबली तर बिस्किटासारखी आत गेली.

खिडकीचं रबर बदललं. वरून पाईप मारला. पाणी आलंच.

२ नोव्हेंबर, रविवार

पाणी जिथे दिसतं तिथून शिरलेलं नसतं, हे शिकायला दोन रविवार लागले. गळती शोधून काढली ती लेकीने. तिने शाळेचे रंगीत खडू आणले आणि आत छताच्या प्रत्येक सांध्यावर जाड रेघा ओढल्या. बाहेरून धाकट्याने पाईप धरला, खालून वर, एका वेळी एकच जागा, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. (पहिल्या रविवारी मी एकदम सगळ्या छतावर पाणी मारत होतो. त्यातून काय कळणार, कपाळ.) खिडकीवर पाणी असताना काही नाही. कॅरियरच्या बोल्टांवर काही नाही. पंख्याच्या चौकटीवर आलं आणि निळी रेघ एका ठिकाणी विरघळली. तिथून थेंब प्लायच्या मागून तिरका चालत साडेचार फूट लांब मागच्या खिडकीशी उतरत होता. गाडी मागच्या बाजूला किंचित कललेली उभी होती, एवढंच कारण.

चौकट उघडली तर आत सिलिकॉनचे तीन थर. गळलं की आधीचा मालक वरून आणखी एक थर देत असणार. जुन्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही. वरून गुळगुळीत दिसतं आणि खालून सुटलेलं असतं. दुपारभर खरवडलं, पत्रा थिनरने पुसला, गंजाच्या दोन ठिपक्यांना प्रायमर लावला आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरलं. ओला भाग कापून दोन आठवडे उघडाच वाळत ठेवणार आहे. लगेच नवी प्लाय ठोकली की ओल आत कोंडते.

आधीच्या मालकाला नावं ठेवायचा मोह होतो. पण दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने पोरांच्या उंचीच्या खुणा आहेत, तारखांसकट. तेवढी पट्टी रंगवायची नाही असं ठरलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

गॅरेजचा आठवडा. मागची ब्रेक लायनरं, ब्रेक ऑइल, कुलंट, फॅनबेल्ट, दोन होज पाईप. गाडी दोन वर्षं उभीच होती. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं आणि घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते. मग पाय दाबला तरी पेडल नुसतं खाली जातं. काढलेलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं.

टायर. "नवेच आहेत" असं सांगितलेलं आणि नक्षी खरंच भरपूर. पण टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. माझ्या टायरवर ३११७. म्हणजे २०१७ चा ३१ वा आठवडा. बाजूच्या रबराला बारीक भेगा. स्टेपनीसकट सगळे बदलले. या महिन्याचा हिशेब इथे लिहीत नाही, ही वही बायको वाचते.

१३ डिसेंबर, शनिवार

तपकीर गल्ली, विजेच्या सामानाची. दुचाकी लांब लावून चालत गेलो, तरी धक्के खाल्लेच.

फ्रिज दर दहा मिनिटांनी बंद पडत होता. विकणाऱ्याचं म्हणणं बॅटरी गेली. नवी घ्यायलाच निघालो होतो, पण बाबा म्हणाले आधी मोज. बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट. फ्रिजच्या टोकांवर, फ्रिज चालू असताना, ११.४. एक व्होल्ट गेला कुठे? वायरमध्ये. बॅटरी मागे आणि फ्रिज पुढे, सहा मीटर जायचं आणि सहा मीटर यायचं, आणि घातलेली वायर १ स्क्वेअर एमएमची. घरच्या २३० व्होल्टला एक व्होल्ट कमी झाला तर कुणाच्या गावीही नसतं. १२ मधला एक गेला की कॉम्प्रेसर सुरू होतानाच मान टाकतो. ६ स्क्वेअर एमएमची घेतली. आता घट पाव व्होल्टही नाही. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवला. तो फ्रिजपाशी बसवून उपयोग नसतो, कारण जळायची असते ती मधली वायर.

बॅटरी १५० एएचची (अँपिअर-अवर), लेड-ॲसिड, म्हणजे निम्मीच वापरायची. ७५. फ्रिज दिवसाला साधारण ४८ खातो, दोन पंखे रात्रभर १९, दिवे ५. झाले ७२. मोबाइल चार्जिंग ज्याने त्याने चालत्या गाडीत करून घ्यायचं. लेकीने हा नियम ऐकून "मग घरीच बसू" असं मत दिलं.

२१ डिसेंबर, रविवार

आज हात थोडे थरथरले.

ओट्याखाली ५ किलोच्या सिलिंडरचा कप्पा आहे. कप्प्याच्या तळाला आरपार भोक हवं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर साचतो, म्हणून त्याला खालूनच वाट द्यावी लागते. भोक होतं. त्यावर प्लायचा तुकडा नीट स्क्रूने बसवलेला, वरून चिकटपट्टी. मुंग्या येत असतील नाहीतर थंडी वाजत असेल. रबरी नळीवरची मुदत संपून दोन वर्षं झालेली. साबणाचा फेस लावला तर रेग्युलेटरच्या बाजूला फुगे, बारीक, एकामागून एक. आणि या ओट्याला लागूनच खालचा पलंग, धाकट्याने पहिल्या दिवशीच "हा माझा" म्हणून सांगितलेला.

तुकडा काढला, भोकाला जाळी लावली, नळी आणि रेग्युलेटर नवे. पुन्हा फेस. दोनदा. बाबांनी तिसऱ्यांदा लावला. झोपताना सिलिंडर बंद, हे दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं. पुण्यातली गाडी आहे, एक तरी पाटी हवीच.

११ जानेवारी, रविवार

सगळी तयारी झाली असं समजून आज गाडी भरली आणि वजनकाट्यावर नेली. काटेवाल्याने विचारलं, "माल काय?" म्हटलं, संसार.

डिझेल फुल, पाण्याची टाकी रिकामी, आत माणूस नाही. चिठ्ठी हातात आली. आरसीवरच्या कमाल वजनाला फक्त ३९० किलो शिल्लक. काटेवाल्याच्या टेबलावरच माणसं मांडली. मी ७२, बाबा ६८, बायको ६०, आई ५८, लेक ३८, धाकटा २६. बेरीज ३२२.

उरले ६८. पाण्याची टाकी ७० लिटरची आहे. आणि अंथरूण-पांघरूण, शिधा, कपडे अजून चढायचेच आहेत.

येताना कुणी बोललं नाही. नऱ्ह्याच्या सिग्नलला बायको म्हणाली, "घरातून चार दिवस सुटायचं म्हणून गाडी घेतली ना? मग घर उचलून आत का ठेवलंयस?" मी म्हटलं, आईचा पाच लिटरचा कुकर आहे, परात आहे, धाकट्याची सायकल आहे. "आणि तुझी हत्यारांची पेटी?" घरी येऊन बाथरूममधल्या काट्यावर ठेवली. २४ किलो. सगळ्यात जड मीच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ खात खात काय उतरवायचं यावर बैठक.

सायकल गेली, ११ किलो, रडारडीसकट. पेटीतून मी १५ किलो काढले. पाने फक्त याच गाडीला लागणारे ठेवले, फॅनबेल्ट, फ्यूज, डिझेल फिल्टर, टेप. मग मी बोललो, की मागची संडासची खोलीच काढून टाकू. जागाही होईल. मला वाटलं आईचा लगेच होकार येईल. ऑक्टोबरपासून तिचं एकच पालुपद होतं, "ओट्यापासून तीन हातांवर संडास? मी त्या गाडीत पाणीसुद्धा पिणार नाही." दसऱ्याला आणलेली नवी सुरी तिने या कारणासाठी गाडीत ठेवूच दिली नव्हती.

आई गप्प. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे पान उलटत नव्हते.

"ते राहू दे," आई म्हणाली. "यांना रात्री दोनदा उठावं लागतं. गुडघ्याने त्या पायऱ्या अंधारात कशा उतरतील?" आणि उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने कुकर, परात, लोखंडी तवा आणि लाडवांचा मोठा डबा गाडीच्या यादीतून तिने स्वतः खोडले. काट्यावर ते १४ किलो भरले. पेपरचं पान उलटलं.

तोड अशी निघाली. कमोड राहील, त्याभोवतीची प्लायची भिंत जाईल. १२ एमएमची भिंत, २५ किलो. तिथे वरपासून खालपर्यंत जाड पडदा. आणि चूल शक्यतो गाडीबाहेर मांडायची, ही आईची अट. पाणी ४० लिटरच भरायचं. ६८ मध्ये हे ६५ मिळवले, ४० वजा केले, ९३ उरले. त्यात सहा जणांचं अंथरूण, कपडे, शिधा बसवायचा. बसतो.

कुठे जायचं हाही वाद मिटला. सगळ्यांना कोकण हवं होतं, ताम्हिणीतून हरिहरेश्वर. पण ज्या गाडीचे ब्रेक आपण गावातल्या गावातच पाहिलेत तिला पहिल्याच फेरीत ताम्हिणीचा उतार दाखवायचा नाही. भिगवण. शंभरेक किलोमीटर, घाट एकही नाही, वाटेत गावंच गावं, काही बिघडलं तर मिस्त्री मिळतो.

२५ जानेवारी, रविवार, कुंभारगाव (भिगवणजवळ)

काल पहाटे पाचला निघालो, हडपसर उजाडायच्या आत मागे टाकलं. साठच्या वर नेली नाही. उरुळी कांचनपाशी काहीतरी टकटक वाजायला लागलं, पोटात गोळा आला. गाडी बाजूला घेतली. लाटणं होतं, खणात लोळत होतं. चौफुल्याला चहा, पाटसचा टोल, मग कुरकुंभ. तापमानाचा काटा अर्ध्यावरून हलला नाही. बाबा पुढे माझ्या शेजारी बसून रस्त्यापेक्षा त्या काट्याकडेच बघत होते.

ज्यांच्या अंगणात परवानगीने गाडी लावली त्यांनी रात्री चिलापी मासळी तळून दिली. सिलिंडर बंद, पाटीप्रमाणे. रात्री दोनदा पडद्याच्या कड्या वाजल्या. दुसऱ्यांदा आईचा आवाज आला, "सावकाश."

आज सकाळी होडीतून उजनीच्या पाण्यावर. थंडी चांगलीच. रोहित पक्षी आधी नुसते पांढरट ठिपके दिसतात, माना पाण्यात खुपसून. होडीवाल्याने वल्हं थांबवलं. लांबचे काही उठले आणि पंखांखालचा गुलाबी रंग एकदम उघडला. धाकटा सायकल विसरला असावा, निदान बोलला तरी नाही.

परत आलो, अंगणात चूल मांडली, आधण ठेवलं. साखर, चहा, आलं, दूध, सगळं यादीप्रमाणे हजर. आणि आईने हात पुढे केला, "गाळणी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी पालथी घातली. गाळणी धायरीला नाही, घरी ओट्यावरच्या खिळ्याला. शेवटी लेकीचा धुतलेला रुमाल भांड्यावर धरला, बायकोने ओतलं, माझा अंगठा भाजला. रुमालाला चहाचा डाग पडला म्हणून आता ती मला नवा मागते आहे.