खोलीचा सा चढला: मे महिन्याची नोंद

‘हेडफोन विकून टाकतो’ असं मी फेब्रुवारीच्या नोंदीत लिहिलं होतं. ते शब्द परत घेतो. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून वाचलो.

जानेवारीत माझ्या नागपूरच्या बारा बाय दहा फुटांच्या खोलीतली घुम, म्हणजे भिंतींमध्ये अडकून एकाच खर्ज सुराला फुगणारा आवाज, आपण मारली होती, आठवत असेल. ९३ हर्ट्झ (कुठला सूर कापायचा), उणे ९ डीबी (किती कापायचा), क्यू १२ (आकडा मोठा तितका काप अरुंद). इक्वलायझर एपीओ या विंडोजवरच्या सूर कमीजास्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ टाकली आणि डग्गा मोकळा झाला. त्यानंतर तीन महिने स्पीकरवरून उठवत नव्हतं. मागच्या रविवारी दुपारी कूलर बंद करून एक विलंबित एकताल लावला, तर पहिल्याच धिंला स्टीलच्या कपाटाचं हँडल किणकिणलं. दुसऱ्या धिंला परत. डग्गा असा वाजत होता की जणू कुणी रिकाम्या ड्रमवर गादी आपटतंय.

पहिला संशय विंडोजवर. अपडेट आलं की एपीओ कधी कधी गुपचूप बंद पडतं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भोगलंय. उघडून पाहिलं, तर चालू. नॉच, म्हणजे तो ९३चा काप, जागच्या जागी. मग वूफरचे स्क्रू आवळले. एक थोडा सैल निघाला, त्याचा इतका आनंद झाला की मी लगेच चहा मांडला. पण स्क्रूचा काही संबंध नव्हता, घुम तशीच.

मग वाटलं, गाद्या! थंडीत या खोलीत दिवाणाशेजारी रजया आणि गाद्यांची चळत असते. होळीनंतर आईने ती माळ्यावर टाकली. शोषून घेणारं काही उरलं नाही म्हणून खोली बोंबलून राहिली, असा माझा तर्क. भर दुपारी चार गाद्या खाली काढल्या आणि मागच्या भिंतीला उभ्या टेकवल्या. आई दारात उभी राहून म्हणाली, “उन्हाळ्यात गाद्या काढून राहिला, तब्येत बरी आहे ना तुझी?” फरक काय पडला? टाळ्यांचा आवाज जरा मऊ झाला. डग्गा जसाच्या तसा.

पडणार तरी कसा? ९३ हर्ट्झची लाट पावणेचार मीटर लांब. भिंतीपाशी हवेचा दाब सगळ्यात जास्त असतो, पण हवेचे कण तिथे हलतच नाहीत. आणि कापूस काम करतो ते हलत्या हवेला घासून. ती हवा जोरात हलते भिंतीपासून पाव लाटेवर, म्हणजे तीन फुटांवर. भिंतीला चिकटलेली चार इंची गादी या घुमेच्या खिजगणतीत नाही. हे मीच इथे दोनदा लिहिलंय, तरी गाद्या काढल्या. (जे अजूनही ऑनलाइन अंड्याच्या ट्रेसारखा एक इंची फोम मागवतात, त्यांनी हे परत वाचावं. बर्डी बाजारातल्या एका दुकानदाराने मला तोच फोम ‘बेस ट्रॅप’, म्हणजे खर्ज शोषणारा, म्हणून दाखवला होता. मी नुसता नमस्कार करून निघालो.)

शेवटी माइक काढला. चार वाजता, कूलर बंद, पंखा बंद, दार बंद. आरईडब्ल्यू या खोली मोजायच्या सॉफ्टवेअरचा स्वीप लावला. तो खालून वर ऊंऊंईई करत जातो तेव्हा सगळ्या आळीला ऐकू जातो. शेजारचे काका गॅलरीतून ओरडले, “काऊन गा, इन्व्हर्टर रडून राहिलं का तुझं?” म्हटलं, “नाही काका, खोली मोजून राहिलो.” यावर ते काही बोलले नाहीत.

आलेखावर शिखर होतं ९७ला. ९३ला नव्हतं. तिथे तर चक्क खड्डा होता, माझ्याच नॉचने खणलेला. क्यू १२ म्हणजे त्या नॉचची रुंदी जेमतेम ८ हर्ट्झ. ९७च्या शिखरापर्यंत तिचा हात अर्धाच पोचत होता. म्हणजे एप्रिल-मे भर मी जिथे काही नाही तिथून आवाज कापत होतो आणि जिथे आहे तिथे तो अर्धा मोकाट सोडला होता.

खोली लहान झाली का? टेप लावून परत मोजली. बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर. भिंत कुठे जाणार?

इथे दोन दिवस अडकलो. माइकची कॅलिब्रेशन फाइल बदलून पाहिली, यूएसबी पोर्ट बदललं, खिडकीत बसवलेल्या कूलरच्या तोंडावर पुठ्ठा लावून पाहिला. पुठ्ठ्याने शिखराची उंची थोडी बदलली, जागा नाही. तिसऱ्या दिवशी झोप लागेना म्हणून पहाटे साडेपाचला स्वीप घेतला. शिखर ९६ला! दुपारी परत घेतला, ९७ आणि वर थोडं. बसल्या जागी घुम सरकत होती. आणि तेवढ्यात कपाटावरच्या थर्मामीटरकडे लक्ष गेलं. पहाटे ३३, आता ४१.

मंडळी, आवाजाचा वेग! शाळेत शिकलो तो ‘सेकंदाला ३४३ मीटर’ हा २० अंशाचा आकडा आहे. ढोबळ सूत्र: ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान. जानेवारीत रात्री मोजलं तेव्हा खोलीत १६ अंश असणार, वेग ३४१. भागिले ३.६६ (घुमेची एक लाट खोलीच्या लांबीइतकीच असते), झाले ९३. आता ४१ अंशाला वेग ३५६. भागिले तेच ३.६६, झाले ९७. खोली तीच, लाटही तेवढीच लांब, फक्त हवा तापली म्हणून ती लवकर फेरी मारून येते. पुण्या-मुंबईच्या लोकांना हा त्रास आमच्याइतका होत नसेल. आमच्याकडे थंडीत रात्री कुडकुडायचं आणि नवतप्यात भाजायचं, त्यामुळे खोलीसुद्धा सूर बदलते.

आणि सूर हा शब्द मी उगाच वापरत नाही. ९२.५ हर्ट्झ म्हणजे काळी तीनचा खर्ज. ९८ म्हणजे पांढरी पाचचा. थंडी ते उन्हाळा माझ्या खोलीचा सा जवळजवळ अर्धा स्वर चढला! मग डोक्यात उजेड पडला की जानेवारीत काळी तीनला गाणाऱ्या बाईंचा तानपुरा का छळत होता आणि आता त्यांचंच ध्वनिमुद्रण इतकं शहाण्यासारखं का वाजतंय. आता पांढरी पाचवाल्यांची पाळी आहे. हे कळल्यावर मी तासभर नुसते तानपुरेच लावून बसलो होतो. एवढा आनंद नवा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाज करणारा डबा, आणल्यावरही झाला नव्हता.

उपाय काय केला, तर एपीओमध्ये दोन प्रीसेट: ‘थंडी’ आणि ‘उन्हाळा’. दोन दिवस चाललं. मग लक्षात आलं की कूलर लावला की खोली ३१ला उतरते, म्हणजे घुम पंच्याण्णवाच्या पुढे कुठेतरी. आता ‘कूलर’ नावाचा तिसरा प्रीसेट करू का? असं करत गेलो तर पंचांग बघून गाणं लावावं लागेल. तेव्हा तिन्ही पुसले आणि एकच ठेवला: ९५, उणे ६, क्यू ५. रुंद आणि उथळ. घुम पूर्ण मरत नाही, पण ऋतू कुठलाही असो, हाताखाली राहते. जानेवारीत मला क्यू वाढवायचा सल्ला देणाऱ्याने हे वाचलं असेल तर प्रेमाने सांगतो, चूक होती. तुझी नाही, माझी. एका रात्रीच्या मोजणीवर विश्वास ठेवला.

राहिलेली घुम दिवाण सरकवून मारायची असं ठरवलं. ही खोलीची दुसरी आडवी लाट आहे, म्हणजे बारा फुटांत बरोब्बर एक पूर्ण लाट मावते, त्यामुळे गणित फुटांत सोपं पडतं: भिंतीला टेकून बसलो की पूर्ण दाब, दोन फूट पुढे आलो की निम्मा, तीन फुटांवर शून्य. आधी हावरटपणा करून तीन फूट ओढला. डग्ग्याचा जीवच गेला, धिंच्या जागी नुसती टिचकी. दोन फुटांवर आणला आणि तिथे मात्र बसला. कपाटाचं हँडल गप्प. त्या संध्याकाळी एकच एकताल तीनदा ऐकला.

आता हेडफोनचं. स्पीकर कितीही सुधारले तरी मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय दुपार काढता येत नाही. बसायच्या जागी फोनच्या अॅपवर कूलरचा आवाज ६२ डीबी दाखवतो. त्यावर गाणं लावायचं तर व्हॉल्यूम वाढवा, मग तानपुऱ्याची जवारी पंख्याच्या घरघरीत बुडते ती बुडतेच. म्हणून क्लोज्ड बॅक, म्हणजे पाठीमागून बंद असलेले हेडफोन, परत कानावर चढवले. खोलीच नाही, त्यामुळे घुमेचा प्रश्नच नाही, खर्ज सरळ आणि स्वच्छ. स्पीकरवर इतके दिवस न ऐकलेला सारंगीच्या गजाचा खरखरता उलटा फेरा ऐकू आला. पण वीस मिनिटांत कानाभोवती घामाची तळी. आणि पॅड? ऑनलाइन मागवलेले बदली पॅड तीन महिन्यांत सोलले. गळ्यावर काळे पापुद्रे चिकटलेले बघून आईला वाटलं मला काही त्वचेचं झालंय.

तिनेच उपाय काढला. जुन्या सुती बनियनचे दोन गोल कापले, कडेने इलास्टिक घातलं, पॅडवर टोपीसारखे चढवले. घाम टिपला जातो, रोज धुता येतात, दांडीवर मोज्यांशेजारी वाळतात. आवाजात फरक पडतो. कापडातून थोडी हवा निसटते, खालचा भाग जरा हलका होतो, चष्मा घातला की आणखी. एपीओत १०० हर्ट्झच्या खाली २ डीबीचा शेल्फ, म्हणजे सरसकट उठाव, दिला, भागलं.

सेनहायझरच्या एचडी ६००चा मोह मात्र सुटत नाही. १९९७पासूनचं मॉडेल, वेलूरचे पॅड, उन्हाळ्याला उत्तम. पण ते ओपन बॅक, पाठ उघडी. कूलर सरळ कानात येईल. आणि ३०० ओहम, म्हणजे अॅम्पही आला. तूर्तास बनियन झिंदाबाद.

हेडफोनवरचं माझं जुनं दुखणं तसंच आहे: गायिका समोर बसत नाही, माझ्या कपाळाच्या आत बसते. स्पीकरवर डावा आवाज उजव्या कानालाही थोडा उशिरा पोचतो, त्यावरून डोकं आवाज कुठल्या दिशेने येतोय ते ठरवतं. हेडफोनवर ते होतच नाही. फूबार या प्लेअरमध्ये बीएसटूबीचं क्रॉसफीड लावलंय, ७०० हर्ट्झ, ४.५ डीबीवर. म्हणजे एका कानाचा थोडा आवाज दुसऱ्या कानातही मिसळतो. कपाळातून बाहेर येऊन ती साधारण भुवयांपाशी थांबते. जुन्या ध्वनिमुद्रणांत, जिथे तबला एका कानात आणि पेटी दुसऱ्या कानात कोंबलीय, तिथे फार बरं वाटतं.

तर सध्याची वाटणी अशी: पहाटे पाच ते सात कूलर बंद, खिडकीतून जरा गार हवा, तेव्हा स्पीकर. दुपारी बनियनवाले हेडफोन, आणि व्हॉल्यूमच्या नॉबला टेपची खूण, त्यापुढे जायचं नाही. कूलरच्या नादात मी किती वर चढवत होतो ते एकदा कूलर थांबवल्यावर कळलं, घाबरलो. डब्ल्यूएचओ म्हणतं ८० डीबीला आठवड्यात ४० तास, मी त्याच्या बराच वर असणार.

हे लिहिता लिहिता वेगळंच काहीतरी सुचलंय. दिवाण दोन फूट पुढे आल्यावर मागे जी फट झाली, तिथे आईने परवा त्या चार गाद्या, दोन रजया आणि लोणच्याच्या दोन बरण्या ठेवल्या. “रिकामी जागा कायले ठेवायची?” म्हणे. मी चिडणार होतो. पण थांबा, दोन फूट जाड कापूस! भिंतीला चिकटलेला चार इंच नाही, पाव लाटेच्या दोन-तृतीयांशापर्यंत पोचणारा दोन फूट. हवा जिथे हलते तिथवर. हे काम करायला पाहिजे.

बरण्या काढायला सांगायची हिंमत नाही, त्या तशाच राहतील. उद्या पहाटे साडेपाचला स्वीप. काकांना आजच सांगून ठेवलंय.