माफ झालेले पैसे परत का भरले?

"काकू, बँकेने सोडून दिलेले पैसे तुम्ही परत का भरलेत?" पुतण्या विचारतो, भिशीतल्या बायका विचारतात. हल्ली ज्यांना स्वतःच्या क्रेडिट कार्डाचं सेटलमेंट करायचंय, म्हणजे थकलेल्यातले काही भरून बाकीचे बँकेकडून सोडवून घ्यायचेत, तेही विचारायला येतात. तुम्हीही विचारलंत, वर 'केवढा हा प्रामाणिकपणा' म्हणालात, म्हणून एकदाच काय ते सांगते.

सदाशिव पेठेतली माझी मेस मार्च २०२० मध्ये लॉकडाउनमुळे बंद पडली. एमपीएससीची पोरं गावी गेली, जागेचं भाडं मात्र कुठे गेलं नाही. सगळं कार्डावर ढकललं. ऑगस्टपर्यंत मोरॅटोरियम होतं, पण त्यात हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. पुढे 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, तेवढीच भरत राहिले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, व्याजावर १८ टक्के जीएसटी, वर लेट फी. वापरले होते लाखाच्या आत, मागणी आली १ लाख ७४ हजारांची. २०२१ मध्ये वसुलीचे फोन सासऱ्यांच्या मोबाइलवर यायला लागले तेव्हा ८५ हजारांत सेटलमेंट केलं. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. मुद्दल मी केव्हाच फेडलं होतं. उरलं होतं ते व्याजावरचं व्याज.

फोनवरचा मुलगा म्हणाला होता, "मॅडम, विषय संपला." त्याच्यापुरता संपला असेल.

२०२४ मध्ये लेकीला शैक्षणिक कर्ज हवं होतं. यांचं उत्पन्न नाही, म्हणून सहकर्जदार मी. दुसऱ्याच बँकेतल्या साहेबांनी माझा सिबिल रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीचा सगळा इतिहास, उघडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. महिन्यामहिन्याचे चौकोन. आधी ०००, ०००, मग ०३०, ०६०, ०९०, म्हणजे तितके दिवस थकबाकी. आणि खात्यासमोर 'सेटल्ड'. साहेबांनी त्या शब्दावर पेनाचं टोपण ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत. लेक शेजारी बसली होती. तिला तोपर्यंत यातलं काहीच माहीत नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली, मी टोपणाकडे.

"हे 'क्लोज्ड' करून आणा, म्हणजे पूर्ण फेडलेलं, मग बघू," एवढंच म्हणाले.

म्हणून जुन्या बँकेत गेले, सोडलेले ८९ हजार भरायला. तुम्हाला वाटेल, पैसे द्यायला आलेल्या बाईला खुर्ची देतील. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे खातं सिस्टिममध्ये उघडतच नाही हो. पैसे जमा कशात करू?" कॉल सेंटरला विचारलं, तर "तुमच्याकडे शून्य बाकी आहे, मॅडम." शून्य बाकी, मग रिपोर्टवर ते काय आहे? तर त्याला दुसरा विभाग. शेवटी बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्यांना मेल केला तेव्हा एक खातेनंबर मिळाला. पैसे भरले. एनओसी, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, आली, तर तिच्यात कार्ड नंबराचा एक आकडा चुकलेला. ती दुरुस्त करून घेतली, तरी सिबिलवर नोंद तीच. मग सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तो मेलमध्ये लिहिल्यावर उत्तरं जरा लवकर यायला लागली.

एव्हाना लेकीच्या कॉलेजची फी भरायची तारीख आली होती. कर्ज तिच्या मामाच्या सहीवर झालं. माझं 'सेटल्ड' जाऊन 'क्लोज्ड' आलं ते त्यानंतर.

म्हणजे ज्यासाठी भरले ते काम माझ्याशिवायच झालं. आता विचारा, का भरलेस.

२०२१ मधली मी आजही मला सुनावते: लुबाडणुकीचे पैसे तू स्वतः नेऊन दिलेस, तेवढ्यात मेसला नवा फ्रीज आला असता. तिला माझ्याकडे उत्तर नाही. ते टोपण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, हे तिला कसं सांगू? आणि तुम्ही म्हणता तसा प्रामाणिकपणा वगैरे त्यात फारसा नव्हता.

बरं, 'क्लोज्ड' झाल्यावर सिबिलच्या स्कोअरने, म्हणजे पत दाखवणाऱ्या आकड्याने, लगेच उडी मारली असंही नाही. ०९० चे चौकोन तिथेच आहेत. स्कोअर हलला तो बांगड्यांवरच्या सोनेतारण कर्जाचे हप्ते वेळेवर गेले म्हणून, आणि एफडीवर घेतलेलं छोटं कार्ड मी फक्त गॅस सिलिंडरला वापरून दर महिन्याला पूर्ण भरते म्हणून. ५००० रुपयांत रिपोर्ट 'साफ' करून देतो म्हणणारेही भेटले. खरी नोंद कोणी पुसून देत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. पूर्ण रिपोर्टही वर्षातून एकदा फुकट मिळतो.

तेव्हा सेटलमेंट करू की नको, ते मला विचारू नका. सासऱ्यांना फोन जात असताना मी केलंच होतं, उद्या तसे फोन आले तर परत करीनही. यायचंच असेल तर कार्डाची जुनी स्टेटमेंटं घेऊन या. त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, ते आधी पेन्सिलीने वेगळं करू. दुपारी तीननंतर या, तेव्हा डबे गेलेले असतात.