झिरो-एमवर मॅक्रो ए, अपडेट ३: सात होल, सगळे एकाच जागी

मंडळी, मधे दोन महिने काहीच टाकलं नाही कारण दाखवण्यासारखं काही होत नव्हतं, भंगार मात्र भरपूर झालं. नवीन लोकांसाठी थोडक्यात, शिरोली एमआयडीसीत दादाचा (चुलतभाऊ) गाळा आहे, त्यात एक जुनं व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन) आहे, कंट्रोल म्हणजे त्याचा कॉम्प्युटर फॅनक झिरो-एम, आणि सुट्टीच्या दिवशी ते माझ्या ताब्यात असतं. त्यावर मी स्टर्लिंग इंजिनाचं मॉडेल बनवतोय. आठवडाभर ऑफिसात कॅड आणि रविवारी हे, बायको म्हणते तुमची सुट्टी पण नोकरीसारखीच आहे.

मॅक्रोच्या (गणित आणि लूप वापरून लिहिलेला छोटा प्रोग्रॅम) मागे का लागलो ते आधी सांगतो. या कंट्रोलची मेमरी मीटरमध्ये मोजतात, खरंच मीटर, कागदी टेपचे. टेपवर इंचाला १० अक्षरं बसायची म्हणजे मीटरला ४०० च्या आत-बाहेर, आमच्याकडे ८० मीटर आहे म्हणजे सगळं मिळून ३२ हजार अक्षरं धरा, आणि त्यात दादाच्या रोजच्या जॉबचे प्रोग्रॅम आधीच ठाण मांडून बसलेत, त्यांना हात लावायचा नाही असा दम मिळालेला आहे. कॅममधून (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम काढणारं सॉफ्टवेअर) कूलिंग फिन्सचा प्रोग्रॅम काढला तर तो एकटाच सगळी जागा खाईल. आरएस-२३२ केबलने तुकड्या तुकड्याने ढकलत बसायचं तर त्यापेक्षा वीस ओळींचा मॅक्रो लिहून मोकळं व्हावं असा विचार केला.

आता गोम अशी की आमच्या कंट्रोलवर मॅक्रो बी (मॅक्रो लिहायची सोपी पद्धत) नाहीये, साधा मॅक्रो ए आहे. बी हा ऑप्शन होता, ज्याने मशीन नवीन घेतलं त्याने पैसे वाचवले असणार. त्यामुळे चौकोनी कंसात साइन-कोसाइन लिहा, आयएफ-व्हाइल वापरा, असलं काही नाही. मॅक्रो ए मध्ये प्रत्येक गणित म्हणजे जी६५ ची एक ओळ, एच च्या पुढचा आकडा सांगतो काय करायचं ते: एच०१ म्हणजे किंमत भर, ०२ बेरीज, ०३ वजाबाकी, ०४ गुणाकार, ०५ भागाकार, ३१ साइन, ३२ कोसाइन, ८० पासून पुढे उड्या. पी मध्ये उत्तर कुठल्या व्हेरिएबलला (आकडा साठवायची जागा, # आणि तिचा नंबर) टाकायचं ते, क्यू आणि आर मध्ये गणितातले दोन आकडे. चार गणितांची एक ओळ लिहायला चार ओळी लागतात, पण एकदा हात बसला की वाचता येतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इथे दशांश चिन्हच नाही. सगळे पूर्णांक. लांबी मायक्रॉनमध्ये, कोन अंशाच्या हजाराव्या भागात. ३० मिमी म्हणजे ३००००, ९० अंश म्हणजे ९००००. हे मी वाचलं होतं, वहीत लिहूनही ठेवलं होतं, आणि तरी जे व्हायचं ते झालंच.

सिलिंडरच्या फ्लॅंजला ६० पीसीडीवर (६० मिमी व्यासाच्या वर्तुळावर) सात होल, एम३ चे. त्रिज्या ३०००० बरोब्बर लिहिली, शाबासकी पण घेतली स्वतःची. मग दोन होलमधला कोन, तिथे ३६० ला ७ ने भाग असं लिहिलं, कारण डोक्यात ३६० म्हणजे ३६० अंशच ना. कंट्रोलने त्याचं ५१ काढलं, आणि ५१ म्हणजे त्याच्या दृष्टीने ०.०५१ अंश. सेंटर ड्रिल पहिल्या होलला गेलं, वर आलं, टेबल अगदी हललं न हललं, परत खाली. परत वर. परत खाली. मी स्क्रीनकडे बघतोय, वाय शून्यावरून ०.०२ काहीतरी, मग ०.०५ काहीतरी, मग ०.०८, एक्स ३० वर चिकटलेला, आणि मला वाटतंय सर्व्होचं काहीतरी गेलं, आता दादाला काय सांगू. शेजारच्या गाळ्यातले मामा (सेटर आहेत, तीस वर्षं हेच केलंय) चहा घेऊन आले होते, ते शांतपणे बघत होते, चौथ्यांदा ड्रिल खाली गेल्यावर म्हणाले, "काय रं, हीर खांदायला लागलाईस का?"

सातही होल दीड-दोन दशांश मिलिमीटरच्या आत. बाहेरून बघितलं तर एकच जरा लांबट होल. तो तुकडा जपून ठेवलाय.

आता चालू असलेला प्रोग्रॅम असा. ५०० मध्ये त्रिज्या, ५०१ मध्ये किती होल, ५०२ मध्ये सुरुवातीचा कोन. १०० हा मोजणारा, शून्यापासून. आधी जी८१ (ड्रिल मारायची कमांड) लावून ठेवायचं, एल० देऊन म्हणजे तिथल्या तिथे ड्रिल मारत नाही, आणि मग:

एन१० जी६५ एच०४ पी#१०१ क्यू#१०० आर३६००००
जी६५ एच०५ पी#१०१ क्यू#१०१ आर#५०१
जी६५ एच०२ पी#१०१ क्यू#१०१ आर#५०२
जी६५ एच३२ पी#१०२ क्यू#५०० आर#१०१
जी६५ एच३१ पी#१०३ क्यू#५०० आर#१०१
एक्स#१०२ वाय#१०३
जी६५ एच०२ पी#१०० क्यू#१०० आर१
जी६५ एच८४ पी१० क्यू#१०० आर#५०१

शेवटची ओळ म्हणजे मोजणारा होलच्या संख्येपेक्षा लहान असेल तोवर एन१० नंबरच्या ओळीवर उडी. एच३२ आणि ३१ मला फार आवडले, त्रिज्या गुणिले कोसाइन एकाच ओळीत देतात, नुसता कोसाइन देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे कारण दशांश नसताना नुसता कोसाइन म्हणजे शून्य नाहीतर एक, त्याचं काय लोणचं घालायचं.

बघा, आधी गुणाकार आणि मग भागाकार केलाय. भागाकारात उरलेलं कंट्रोल सरळ टाकून देतं. होलच्या बाबतीत फरक नगण्य, ३० मिमी त्रिज्येला सातव्या होलला दोन मायक्रॉनपण नाही, उगाच शिष्टपणा म्हणा. पण फेसिंगच्या (वरचा भाग सपाट करायच्या) मॅक्रोत हेच अंगाशी आलं असतं. स्टेपओव्हर (दर फेरीला बाजूला सरकायचं अंतर) कटरच्या दोन तृतीयांश हवा म्हणून आधी २ भागिले ३ केलं, झालं शून्य, शून्य गुणिले १०००० शून्य, आणि कटर एकाच ओळीत मागे-पुढे, वाय पुढे सरकतच नाही त्यामुळे लूप संपतच नाही. हे नशिबाने हवेत कळलं, जॉबच्या ५० मिमी वर ड्राय रन चालू होता. मामांनी पाहिलं नाही.

दुसरं भंगार जास्त लागलं मनाला. १०० पासूनचे व्हेरिएबल मशीन बंद केलं की पुसले जातात, ५०० पासूनचे राहतात, पॅरामीटर जपणाऱ्या त्याच बॅटरीवर (तीन साधे डी साइजचे सेल, बदलायचे असतील तर कंट्रोल चालू ठेवूनच बदला रे बाबांनो). मला ही सोय वाटली होती, एकदा भरलं की झालं. पुढच्या रविवारी बेस प्लेटला चार होल होते, त्रिज्या बदलली, कोन बदलला, ५०१ बदलायचा विसरलो. त्यात आधीच्या रविवारचे सात बसलेलेच होते. चार होलच्या प्लेटला सात होल, एकदम सुबक, एकसारखे, मापात. प्लेट तीन तास घासून पॉलिश केलेली होती.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. एक, मॅक्रो संपताना शेवटी ५०१ मध्ये शून्य टाकतो. दोन, सुरुवातीलाच जी६५ एच८१ पी९०० क्यू#५०१ आर०, म्हणजे शून्य असेल तर एन९०० वर, आणि तिथे जी६५ एच९९ पी१, त्याने अलार्म ५०१ येतो आणि मशीन थांबतं. मॅक्रो ए मध्ये अलार्मसोबत स्वतःचा मेसेज लिहिता येत नाही, नुसता आकडा, म्हणून स्क्रीनखाली मास्किंग टेप लावून मार्करने लिहिलंय "५०१ – होल किती ते भर". दादाने खाली पेनने लिहिलंय "आणि लाइट बंद करून जा".

मधे एकदा मामांच्या एटीन-एमवर (फॅनकचाच नंतरचा कंट्रोल) बसायला मिळालं, त्यावर मॅक्रो बी आहे. तोच बोल्ट सर्कल (गोलात होल पाडायचा मॅक्रो) तिथे अर्ध्या ओळींत झाला आणि जी६५ पी९०१० (९०१० हा मॅक्रोचा नंबर) सोबत आर, ए, एच अशी अक्षरं देऊन बोलावता येतो. आर गेला १८ मध्ये, ए गेला १ मध्ये, एच गेला ११ मध्ये (हा क्रम कोणी आणि का लावला देव जाणे, डी म्हणजे ७ आणि आय म्हणजे ४). हे १ ते ३३ लोकल असतात, दर वेळी कोरे सुरू होतात, त्यामुळे मागच्या रविवारचं भूत येत नाही. वर कोरा आणि शून्य यांत फरक करता येतो, #० शी तुलना केली की झालं, आर द्यायला विसरलात तर #३००० ला किंमत देऊन कंसात मेसेजसकट अलार्म. एकच जपायचं, बोलावताना आर३० लिहिलं आणि पुढे दशांश टिंब दिलं नाही तर तो ३० मायक्रॉन समजतो, आणि मॅक्रोच्या आत #१=३० लिहिलं तर ते ३०च. मला आता मायक्रॉनची इतकी सवय झालीय की मी तिथेही ३०००० लिहून आलो होतो, मामांनी एमडीआयला (कंट्रोलचा कीबोर्ड) हात लावायच्या आधी पकडलं.

सिंगल ब्लॉक (एकेक ओळ चालवून थांबायचा मोड) मॅक्रोच्या गणितावर न थांबता पुढे जातो का, असं मागे कोणीतरी विचारलेलं: हो, गणिताच्या ओळींवर तो थांबत नाही, हालचालीच्या ओळीवरच थांबतो. व्हेरिएबलची स्क्रीन उघडी ठेवून प्रत्येक थांब्याला १०१, १०२, १०३ बघायचे आणि वहीत कॅल्क्युलेटरने काढलेल्याशी ताडून बघायचं, मी तरी आता पहिला तुकडा तसाच करतो, वेळ लागला तर लागला.

आजची स्थिती: फ्लॅंज दोन्ही झाले, सातही होल सात ठिकाणी आहेत, स्क्रू बसले. बेस प्लेट नवीन कापून आणलीय, पॉलिश यावेळी होल पाडल्यावर. फिन्सचा मॅक्रो लिहून झालाय, २६ ओळी, नऊपैकी चार फिन निघाले आणि पाचव्याला २ मिमीचा एंड मिल (कटर) तुटला, माझ्याकडे तो एकच होता.