शब्दवहीची प्रगती: ‘बोलती बंद’चं घराणं

मागच्या खेपेला चालण्याचे शब्द संपवले. या महिन्यात तोंड बंद पडण्याचे इंग्रजी शब्द घेतले. अकरा कार्डं केली. सात मार्गी लागली, तीन अर्धवट आहेत, एक अजून छळतंय.

अडचण अशी की डिक्शनरी सगळ्यांपुढे ‘अवाक्’ लिहून मोकळी होते. म्हणून यंदा उलटं केलं: आधी कार्डावर मराठी वाक्प्रचार, मग त्याला जुळणारा इंग्रजी शब्द. बोबडी भीतीनं वळते, ततपप घाबरून किंवा लाजून होतं, मूग मात्र आपण जाणूनबुजून गिळतो. एवढं धरून ठेवलं की निम्मं काम होतं.

टंग-टाइडचं कार्ड माझ्याच फजितीतून भरलं. मागे एका इंटरव्ह्यूत समोरच्या तिघांनी इंग्रजीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं. पाठ केलेलं सगळं डोक्यात होतं, जीभ हलेना. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत तीनदा ‘माय... माय...’ केलं. नंतर सरांना ऐटीत सांगितलं, ‘आय वॉज स्पीचलेस.’ सर म्हणाले, “गड्या, स्पीचलेस तू जोतिबाच्या यात्रेत झालास, चैत्रात उंचच उंच सासनकाठ्या नाचताना पहिल्यांदा बघून. नाहीतर रागानं होशील. इंटरव्ह्यूत तुझी जीभ बांधली गेली होती.” स्पीचलेस व्हायला मन काठोकाठ भरावं लागतं, टंग-टाइडला नुसता संकोच पुरतो. (डॉक्टरांकडं टंग-टाय म्हणजे खरोखरच जिभेखालचा पडदा आखूड असणं.)

डम्बफाउंडेड म्हणजे डम्ब (मुका) अधिक कन्फाउंड (गोंधळवून टाकणं), सतराव्या शतकातली जोडणी. त्यामुळं नुसतं आश्चर्य पुरत नाही, मती गुंग व्हायला हवी. फ्लॅबरगॅस्टेडची नोंद 1772 मध्ये ‘नवा फॅशनेबल शब्द’ म्हणून झाली, पण तो आला कुठून हे कुणालाच सांगता आलेलं नाही. आपलं ‘चाट पडणं’ त्याला शोभतं. तो थोडा गमतीचा आहे, दुखवट्याच्या पत्रात घालू नका. गॉबस्मॅक्ड माझा लाडका. उत्तर इंग्लंडच्या बोलीत गॉब म्हणजे तोंड, स्मॅक म्हणजे चापट. कानाखाली जाळ निघाल्यावर माणूस जसा बघत राहतो, तसं आश्चर्य.

टॅसिटर्न आणि रेटिसंट यांनी आठवडा खाल्ला. दोघांचं मूळ एकच, लॅटिन टॅसेरे, म्हणजे गप्प राहणं. शेवटी आमच्या तालमीतली दोन माणसं समोर ठेवली. वस्तादांना काहीही विचारा, उत्तर ‘हं’. ते टॅसिटर्न, घुमा स्वभाव. मामा मात्र कुस्तीवर तासभर बोलतील, पण खासबागेच्या आखाड्यात स्वतः चितपट झाले त्या कुस्तीचा विषय काढला की चहा मागवतात. ते रेटिसंट. पहिल्यात सवय आहे, दुसऱ्यात राखून ठेवणं.

नॉनप्लस्डवर लाल खूण केलीय. मूळ अर्थ पुढं काही सुचेनासं होणं. अमेरिकेत बरेच जण तो ‘ढिम्म, बेफिकीर’ अशा उलट्या अर्थानं वापरतात. संदर्भ बघूनच हात लावा.

आता छळणारं कार्ड. डॉ. आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढलं, आपल्या शाहू महाराजांनी त्याला अडीच हजारांची मदत दिली. त्यातल्या ‘मूक’ला इंग्रजीत काय म्हणायचं? डम्ब घेतलं तर आज तो ‘मठ्ठ’ही होतो आणि अपमानही. म्यूट घेतलं तर दोष शरीराचा ठरतो. सायलेंट घेतलं तर वाटतं, लोक मर्जीनं गप्प होते. स्पीचलेस तर बोलूच नका! व्हॉइसलेस जवळचा, कारण त्यात आवाज कुणी ऐकूनच घेत नाही हे येतं. पण उच्चारशास्त्रात व्हॉइसलेस म्हणजे अघोष, आपले क, च, ट, त, प. म्हणून लिहिलाय, पण पेन्सिलीनं.

काल रात्री कार्डं पसरून बसलो होतो तेव्हा आईला हा घोळ सांगितला. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “मुका म्हंजे मुका की रं. त्यात एवढं काय बघायचं?”

कीप ममचं कार्ड समोरच होतं. मूग गिळले.