आधी खिडक्या, मग नकाशा : आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला तो खरं तर एका चुकीतून. घरामागे काचघर बांधायचं डोक्यात घेतलं होतं, पाडलेल्या घरातून निघालेल्या जुन्या लाकडी खिडक्या आणि दोन काचेची दारं जमवली, आणि मी हौसेने आधी नकाशा काढला, जोतं बांधून घेतलं आणि मग खिडक्या लावायला गेलो तर एक माप जुळेल तर शपथ. कुठे दोन बोटं जास्त, कुठे चार कमी, आणि जुनी खिडकी काटकोनात असते असं ज्याला वाटतं त्याने एकदा तिचे दोन्ही कर्ण मोजून बघावेत. शेवटी जोत्याची एक बाजू फोडली. बायको अजून ऐकवते त्यावरून.

तेव्हापासून आमचं ठरलंय, सगळा माल आधी जमिनीवर मांडायचा, फिरवून फिरवून जुळवायचा, मधे खांबांना जागा सोडायची आणि मग जी लांबी येईल तीच भिंत. पुढे ओळखीचे लोक मापं घेऊन यायला लागले आणि आम्ही भावाभावांनी हेच काम धरलं. बांधतात ते स्वतःच, आम्ही माल तपासून देतो, आराखडा काढतो आणि सांगाडा कापून देतो.

काचेने मात्र फार शिकवलं. एकाने बाथरूमचं जुनं काचेचं दार आणलं, म्हणाला अर्धं कापून द्या, धाकट्याने कटर फिरवून नुसता दाब दिला आणि अख्खी काच खडीसाखरेसारखी जमिनीवर! टफन काच, म्हणजे तापवून झटक्यात थंड करून कडक केलेली काच, एकदा टफन झाली की कापता येत नाही, हे आम्ही असं शिकलो, आणि दुसरी काच पदरची भरून दिली. आता आधी कोपऱ्यातला टफनचा बारीक शिक्का शोधतो. डबल काच, म्हणजे मधे पोकळी ठेवून कडेने जोडलेल्या दोन काचा असतील आणि आतून धुकं दिसत असेल तर तिची कडेची सील गेलीये, बाहेरून कितीही पुसा.

छताला जुनी खिडकीची साधी काच आम्ही लावूच देत नाही, कोणी कितीही गळ घालू दे. ४ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला १० किलो भरतं आणि फुटली की डोक्यावर सुऱ्याच पडतात. लॅमिनेटेड घ्या, म्हणजे मधे प्लास्टिकचा थर असलेली, फुटली तरी चिकटून राहणारी काच, नाहीतर पॉलिकार्बोनेट, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा. पॉलिकार्बोनेटचं पण एक आहे, ते उन्हात वाढतं, ३ मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकात जवळजवळ ८ मिमी, आणि आम्ही पहिल्या छताला स्क्रू घट्ट आवळलेले, तर दुपारी छत कडकड वाजायचं आणि वर्षभरात भोकांपासून चिरा गेल्या. भोक मोठं पाडायचं, खाली रबरी वॉशर, आणि यूव्हीची, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर असलेली बाजू वर. ती उलटी लागली तर पत्रा लवकर पिवळा पडतो.

जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, ओला करून खरवडा आणि मास्क लावा. लाकडाला जवसाचं तेल लावलंत तर त्याची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, खरंच. आणि हवेसाठी जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १५ ते २० टक्के तरी उघडणारा भाग ठेवा, थोडा खाली, थोडा छताजवळ, नाहीतर ती खोली नाही, भट्टी होते.

'जुन्या मालाचं टिकेल का' म्हणून नाक मुरडणारे भेटतात, त्यांना मी क्रिस्टल पॅलेसचं, लोखंड आणि काचेच्या त्या भल्यामोठ्या इमारतीचं सांगतो. १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनच्या हाइड पार्कात उभा केला, नंतर सुटा करून सिडनहॅमला नेला आणि तोच माल वापरून, आणखी वाढवून, १८५४ मध्ये परत उघडला. एवढं ऐकूनही काहीजण नवीनच घेतात, घेऊ देत.

आमचं पहिलं काचघर अजून उभं आहे, फक्त घराची भिंत आणि छत मिळतं तिथे मी भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी घालायच्या ऐवजी नुसतं सिलिकॉन मारलं होतं, त्यामुळे त्या कोपऱ्यात पावसाळाभर एक बादली असते. गिऱ्हाईक आलं की ती आधी उचलतो.