दोष कापडाचा

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

आज मी लेकीला दुखावलं. तेही भर दुकानात, अनोळखी माणसांपुढे.

तिच्या आईची शनिवारी हॉस्पिटलात ड्यूटी असते, म्हणून प्रॉमचा, म्हणजे बारावीच्या शेवटी शाळेच्या नाचाच्या पार्टीचा, ड्रेस बघायला मी गेलो होतो. प्रॉम ३० मेला, आणि ड्रेस आत्ता फेब्रुवारीत कशाला, असं मला वाटत होतं. पण ऑर्डर दिल्यावर ड्रेस हातात यायला दहा-बारा आठवडे लागतात, वर अल्टरेशनचे दोन-तीन आठवडे धरायचे. त्यामुळे नवीन वर्ष उजाडलं की इथे न्यू जर्सीत बारावीच्या मुली आयांना घेऊन दुकानांतून दिसायला लागतात. आज दुकानात बापमाणूस मी एकटाच होतो.

चौथा ड्रेस काळ्या साटीनचा होता. पाठ कमरेपर्यंत उघडी, डाव्या बाजूला मांडीपर्यंत चीर. ट्रायल रूमचा पडदा सारून ती बाहेर आली, आणि समोर एवढा मोठा आरसा असताना तिने आधी माझ्याकडे बघितलं. मला पाठ खटकली. पण ते सरळ बोलायचं धाडस झालं नाही, आणि तोंडातून निघालं, "हा ड्रेस घालायला अंग तसं लागतं बाळा."

ती "ओके" म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती हुडी घालूनच. मी म्हटलं, अजून दोन-तीन बघू. ती म्हणाली, नको. रूट वन हायवेवरून घरी येईपर्यंत हुडीची टोपी डोक्यावर, तोंड खिडकीकडे. गाडीत मी एकदा विषय काढला, ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा." ते ठीक नाही हे तिलाही कळत होतं, मलाही.

रात्री झोप येईना. अण्णा, माझे वडील, आठवत राहिले.

सांगलीत गावभागात अण्णांचं शिलाईचं दुकान होतं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि भिंतीला खिळ्यांवर लटकवलेले कागदाचे नमुने. पाचवीपासून शाळा सुटली की मी दुकानात जायचो. आधी काज-बटण, मग हातशिलाई. मशीनवर बसायला मिळालं ते आठवीत. अण्णा बायकांचे ब्लाउज शिवायचे, लग्नसराईत मुलींचे परकर-पोलके आणि ड्रेस. मुली आईबरोबर यायच्या. ब्लाउज काखेत किंवा छातीत ताणला की आई हमखास म्हणायची, "ही हल्ली फार सुटलीय हो." मुलगी जमिनीकडे बघायची. अण्णा तोंडातल्या टाचण्या काढायचे आणि म्हणायचे, "नाही वहिनी, काखेतला मुंडा मीच कमी कापला. इथं कापड ओढलं जातंय बघा." दरवेळी. मुलीचं वजन खरोखर वाढलेलं असलं तरीही. एकदा दुकान बंद करताना मी विचारलं, आपली चूक नसताना तुम्ही का म्हणता असं? म्हणाले, "अंगाला नावं ठेवायची नाहीत. आपलं काम कापडाशी."

त्यांना जाऊन चौदा वर्षं होतील. त्यांचा मुलगा होऊन मी काय बोलून बसलो.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी पोहे केले. ती खाली आल्यावर, बशी पुढे ठेवून, उभ्यानेच सांगून टाकलं. पाठ उघडी बघून मला अवघडल्यासारखं झालं. ते माझं मला सांगता आलं नाही आणि मी तुझ्या अंगावर ढकललं. मी बोललो ते खोटं होतं.

ती थोडा वेळ लिंबू पिळत बसली. मग म्हणाली, "पाठ आवडली नाही असं म्हणायचं ना मग. मी भांडले असते. पण रडले नसते."

ती रडली होती हे मला तेव्हा कळलं.

मग बरंच बोलणं झालं. माझ्या मनात पहिल्यापासून होतं की तिने ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून छानसा लेहंगा घ्यावा. तिच्या दोन मैत्रिणी लेहंग्यात जाणार आहेत. आज विचारलं. ती म्हणाली, "मंडळाच्या गणपतीला मी नऊवारी नेसते, आवडतं मला. पण त्या रात्री मला कुणाला काही समजावून सांगायचं नाहीये. कुणी 'हे काय आहे, हे कुठलं' विचारायला नको. मला फक्त नाचायचंय." याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अठ्ठावीस वर्षं इथे राहून मीही रोज काही ना काही समजावून सांगतच असतो.

प्रॉमचं एवढं काय, असं पूर्वी मी म्हणायचो. ते माझ्या पुतणीमुळे थांबलं. तिचा प्रॉम २०२० सालचा. ड्रेस मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरी आला आणि मग करोनात शाळाच बंद झाली. प्रॉम झाला नाही. तो निळा ड्रेस अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच आहे, तिने कुणाला दिला नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ड्रेस ठरला. पण दिवस सोपा गेला नाही.

दुसरं दुकान, लहानसं, मायलेकी चालवतात. आत गेल्या गेल्या शाळेचं नाव विचारलं आणि वहीत बघितलं. एका शाळेतल्या दोन मुलींना एकच ड्रेस विकत नाहीत म्हणे. मुलींचाही ऑनलाइन ग्रुप असतो, ड्रेस घेतला की फोटो टाकायचा, म्हणजे दुसरी तो घेणार नाही. मला हे आवडलं. लग्नात दोन जावांच्या साड्या सारख्या निघाल्यावर काय होतं ते आपण बघितलेलं आहे.

तिने बाटलीहिरव्या साटीनचा एक ड्रेस उचलला. खांद्याला रुंद पट्ट्या, कमरेपर्यंत बेताचा, खाली कळ्यांचा घेर. आणि दोन्ही बाजूंना खिसे! खिसे सापडल्यावर ती आरशासमोर हात खिशात घालून अशी उभी राहिली की दुकानातली आजीबाई हसायला लागली.

मग लेबल बघितलं. आठ नंबर. जीन्स तिला चार नंबरची येते. चेहरा एकदम उतरला. "दोन महिन्यांत मी चारवरून आठवर गेले?" हळू आवाजात, मला ऐकू जाईल न जाईल असं.

मी दुकानदारणीकडून कंपनीचा मापांचा तक्ता मागून घेतला आणि टेप मागितली. तिची कंबर २८ इंच. तक्त्यात २८ इंचासमोर ८ लिहिलेलं. म्हटलं, हे बघ, तू २८ इंच आहेस, जानेवारीतही एवढीच होतीस. आठ हा कंपनीचा आकडा आहे, तुझा नाही.

घरी येऊन यावर थोडं वाचलं आणि रात्री तिला वाचून दाखवलं. १९३९-४० मध्ये इथल्या सरकारने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली होती. त्यावरून पुढे १९५८ साली तयार कपड्यांच्या नंबरांचं सरकारी मानक निघालं. ते बंधनकारक कधीच नव्हतं, आणि १९८३ साली मागेच घेतलं. आता प्रत्येक कंपनी आपल्या मनाने नंबर लावते. रोजच्या कपड्यांचे नंबर गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून वर्षानुवर्षं खाली सरकत आले, समारंभाच्या ड्रेसचे मात्र बरेचदा तितके सरकले नाहीत. म्हणून एकाच मुलीची जीन्स चारची आणि गाऊन आठचा. हे एवढंसं कुणीतरी प्रत्येक ट्रायल रूमच्या दारावर लिहून लावायला हवं. किती मुली त्या आकड्यासाठी घरी जाऊन जेवण टाकत असतील.

दुकानात मी तिला अण्णांची परीक्षा द्यायला लावली. दोन्ही हात वर. खुर्चीत बस. वाकून बुटाला हात लाव. मोठा श्वास घे. दोन गिरक्या. आधीचा बिनपट्ट्यांचा लाल ड्रेस तिलाही फार आवडला होता, पण दोन गिरक्यांत तिने तो तीनदा वर ओढला. हिरव्यात एकदाही हात ड्रेसकडे गेला नाही. तिचं तिनेच ठरवलं.

४२० डॉलर. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, त्यामुळे तेवढेच. पर्स घेतली असती तर तिच्यावर ६.६२५ टक्के लागला असता, पण खिसे असताना पर्स कशाला. पावतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, विकलेला माल परत नाही.

निघण्यापूर्वी मी ड्रेस उलटा करून शिवण बघितली. लेक म्हणाली, काय बघतोयस? म्हटलं, माया बघतोय. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. उद्या उसवून ढिलं करायचं झालं तर तीच कामाला येते. तिला तो शब्द इतका आवडला की गाडीत दोन-तीनदा म्हणून बघितला. माया अर्धा इंचापेक्षा जराशी जास्त होती. बरी होती.

मंगळवार, १३ मे

ड्रेस एप्रिलच्या शेवटी आला. उंची पाच इंच जास्त आणि कमरेत किंचित सैल, म्हणून अल्टरेशनला दिला. मी नेमका त्या दिवशी बरोबर नव्हतो. निघताना तिला एवढंच सांगितलं होतं, प्रॉमला घालणार ते बूट घेऊन जा आणि खालचं कापलेलं कापड परत माग. अण्णा गिऱ्हाइकाचं कत्रणसुद्धा पुडीत बांधून द्यायचे.

आज ड्रेस घरी आणला. खालची उंची अगदी बरोबर. पण चेन शेवटची दोन इंच लागेना. तिच्या आईने ओढून बघितलं, मी बघितलं. ती आरशात स्वतःकडे बघत होती, आणि मला पुढचं वाक्य काय येणार ते आधीच कळलं.

"मी जाड झाले का?"

"नाही. दोन्ही बाजूंनी कापड फार आत घेतलंय. थांब, उलटा कर."

उलटा केला. घेतलं होतं अर्धा-अर्धा इंच, ठीक आहे, उसवता आलं असतं. पण आतली माया कात्रीने साफ छाटून टाकली होती. शिवणीला लागून. पुढे कधी या मुलीला हा ड्रेस ढिला करावा लागेल असा विचारच कुणी केला नाही. मला इतका संताप आला की मी फोन उचलला आणि परत ठेवला. सतरा दिवस राहिले होते. भांडून कापड परत येणार नव्हतं.

रात्री उशिरा सांगलीला आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे सकाळ. ड्रेस कॅमेऱ्यासमोर धरला. आईने चष्मा लावला, नीट बघितलं आणि म्हणाली, "काखेखाली जास्तीचा तुकडा जोडून कळी घाल की. अण्णा घालायचे तशी. कापड आहे का?"

कापड होतं. लेकीने पुडी मागून आणली होती.

रविवार, १८ मे

तीस वर्षांनी सुई हातात धरली. बायकोचं मशीन पडदे आणि उशांचे अभ्रे शिवण्यापुरतं, पण चालतं.

साटीनची एक गंमत आहे. त्याची चमक धाग्याच्या दिशेने पडते. उभ्या कापडात आडवा तुकडा घातला तर रंग तोच असून वेगळा दिसतो, लांबूनसुद्धा. माझ्याकडची पट्टी पाच इंच उंचीची, आणि कळी हवी आठ इंचांची. आडवी कापली असती तर एका तुकड्यात निघाली असती. मी उभे दोन-दोन तुकडे घेतले आणि जोडले. जोड वरच्या बाजूला ठेवला, हात खाली असला की झाकला जाईल असा. लेक समोर बसून टाके उसवत होती. तिला दाखवलं, सुईचं टोक दोन कापडांच्या मधे घाल, धागा उचल, काप, ओढू नको. पहिल्या पाच मिनिटांत एक धागा ओढला गेला. नंतर नाही.

आधी धावदोरा घालून अंगावर बघितलं. श्वास घे म्हटलं. चेन वरपर्यंत गेली. मग टीप मारली. अस्तर मात्र हाताने शिवलं, आत ड्रेस ताठ राहावा म्हणून घातलेल्या कांबी आहेत, मशीनला झेपलं नसतं. संध्याकाळी सहा वाजले. कळीच्या दोन्ही बाजूंना मी पाऊण इंच माया ठेवली.

मधेच तिने विचारलं, "त्या काळ्या ड्रेसची पाठ तुला अजूनही आवडत नाही?"

"नाही आवडत."

"मला आवडते."

"माहितीये."

बस. एवढंच. ती परत टाके उसवायला लागली.

शुक्रवार, ३० मे

दुपारी आमच्या अंगणात सहा मैत्रिणी जमल्या, फोटोंसाठी. दोघी लेहंग्यात, बाकीच्या गाऊनमध्ये. त्यांनी एकमेकींसाठी मनगटावर बांधायची फुलं आणली होती. आया फोटो काढत होत्या, एक बाबा सगळ्यांचे बूट गाडीत ठेवत होते. मी कडेला उभा राहून शिवणीकडे बघत होतो. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

उजव्या काखेखाली चमक तीच आहे. जोड दिसत नाही.

निघताना ती परत आली, हात खिशात घालून. म्हणाली, "बाबा, बघ," आणि दोन्ही हात वर केले. खाली बसली, अंगणातच. उठली. मोठा श्वास घेतला. दोन गिरक्या घेतल्या, आणि पळत गाडीकडे गेली.